पणजीचे सीमाशुल्क संग्रहालय कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना दाखवायचे असेल, तर आधी काय शिकवावे?

रंकाळा_वाचक (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. यंदाच्या शैक्षणिक सहलीसाठी नेहमीच्या पन्हाळा-रायगडाऐवजी पणजीतील ‘धरोहर’ हे सीमाशुल्क आणि वस्तू व सेवा कर यांचे राष्ट्रीय संग्रहालय विद्यार्थ्यांना दाखवावे, असा प्रस्ताव मी मांडला आहे. वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांनी तो लगेच उचलून धरला. मात्र शिक्षकांच्या बैठकीत दोन आक्षेप निघाले आणि त्यांना समाधानकारक उत्तर देण्यासाठी मला येथील जाणकारांची मदत हवी आहे.

पहिला आक्षेप असा की, अशा संग्रहालयात मुख्यतः पकडलेला माल मांडलेला असतो. पोकळ टाचांचे बूट, सोन्याची बिस्किटे, हस्तिदंत आणि चोरकप्पे पाहून मुले रमतील खरी, पण परतताना त्यांच्या मनात कराचा इतिहास न राहता तस्कराची हुशारी तेवढी राहील. या आक्षेपात मला तथ्य वाटते. दुसरा आक्षेप असा की, कोल्हापूरला ना बंदर, ना आंतरराष्ट्रीय सीमा. तेव्हा सीमाशुल्काशी आपल्या मुलांचा संबंध काय? ‘गोव्याला नेताच आहात तर समुद्र दाखवा, जकात कसली दाखवता?’ असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हसत हसत विचारले आणि सभा तेथेच संपली.

दुसरा आक्षेप मला मान्य नाही. परंतु तो खोडून काढायचा तर कोल्हापूर, घाटवाटा आणि गोवा यांना जोडणारे पुरावे हाताशी हवेत. अकरावी-बारावीच्या मुलांना जाण्यापूर्वी दोन-तीन तासिकांत काय सांगावे, संग्रहालयात कोणत्या दालनांवर अधिक वेळ द्यावा आणि वाटेत या विषयाशी संबंधित काही पाहण्यासारखे आहे काय, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_गोदीवाला

मॅडम, मी सीमाशुल्क खात्यात मुंबई बंदरावर नोकरी करून निवृत्त झालो आणि आता राजारामपुरीत राहतो. त्यामुळे माझे मत थोडे खात्याच्या बाजूने झुकलेले असेल, हे गृहीत धरूनच वाचावे.

संग्रहालयाची इमारत हेच तेथील पहिले आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे प्रदर्शन आहे. मांडवीच्या काठावरील ही निळी वास्तू पोर्तुगीज काळात ‘आल्फांदेगा’ म्हणजे त्यांचे जकातघर होती. ती उभी राहून चारशेहून अधिक वर्षे झाली आहेत. समोर नदी, नदीच्या मुखाशी समुद्र आणि जहाजातून उतरलेला माल ज्या दारातून आत येई ते दार, हे सगळे एका दृष्टिक्षेपात दिसते. मुलांना आत नेण्याआधी पाच-दहा मिनिटे नदीकडे तोंड करून उभे करावे आणि जकातघर नेमके याच जागी का बांधले असेल, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. येथे २००९ साली संग्रहालय सुरू झाले आणि पुढे वस्तू व सेवा कराच्या दालनाची भर पडून जून २०२२ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्या हस्ते ‘धरोहर’ या नावाने ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले.

एकूण आठ दालने आहेत. करआकारणीचा इतिहास, आर्थिक सीमांचे रक्षण, कला व वारसा यांचे रक्षण, वनस्पती व प्राणी यांचे रक्षण, समाजस्वास्थ्य, मिठावरील करापासून वस्तू व सेवा करापर्यंतचा अप्रत्यक्ष करांचा प्रवास अशी त्यांची विभागणी आहे. तस्कर आणि अधिकारी यांच्यातील बुद्धिबळाचे एक स्वतंत्र दालन आहे आणि आपल्या सहकाऱ्यांचा आक्षेप बहुधा त्यालाच उद्देशून असावा. मुले तेथेच सर्वाधिक रेंगाळतात, हे खरे आहे. मोठी माणसेही तेच करतात.

परंतु त्या चोरकप्प्यांकडे केवळ गंमत म्हणून पाहू नये, असे मी अनुभवाने सांगतो. तस्करी होते ती दोन भावांच्या फरकामुळे. देशाबाहेर एका भावाने मिळणारी वस्तू देशात शुल्कासह कितीतरी महाग पडते किंवा तिच्यावर बंदीच असते, तेव्हा तो फरक खिशात घालण्यासाठी माणूस बुटाची टाच पोखरतो. सोन्याचे उदाहरण घ्या. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोने बाळगण्यावर आणि व्यवहारावर कडक बंधने आली आणि त्या काळात मुंबईच्या किनाऱ्यावर काय चालत असे, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला, पाठोपाठ आयात खुली होत गेली आणि सोन्याच्या तस्करीचा जोर ओसरला. २०१३ मध्ये आयात शुल्क दहा टक्क्यांवर नेले, तेव्हा विमानतळांवर सोने पुन्हा सापडू लागले. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते पंधरा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आणले गेले, त्यामागेही हाच हिशेब होता. गुजरीतील सराफ किंवा हुपरीचे चांदी कारागीर ज्या वर्गात आई-वडील म्हणून आहेत, त्या वर्गातील मुलांना हे समजायला वेळ लागणार नाही.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक कागद द्यावा आणि जप्त केलेल्या कोणत्याही एका वस्तूसमोर उभे राहून तीन उत्तरे लिहायला सांगावीत. ही वस्तू कोणत्या कायद्याने अडवली, अडवली नसती तर कोणाचे नुकसान झाले असते आणि ती लपवून आणणे कोणाला परवडत होते, हे ते तीन प्रश्न. तेथे ‘ऐन-इ-अकबरी’चे एक हस्तलिखित आहे, जे नेपाळ सीमेवर रक्सौल येथे पकडले गेले होते. त्यापुढे उभे राहिल्यावर वरच्या प्रश्नांची उत्तरे सोन्यापेक्षा पार निराळी येतात, कारण येथे सरकारचा महसूल मुळीच बुडत नव्हता. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा नाणे आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे नाक्यावरचा माणूस येथे कर वसूल करीत नव्हता, तर ग्रंथपालाचे काम करीत होता. हस्तिदंत आणि वन्यजीवांच्या वस्तूंबाबतही तेच.

मोडी_दफ्तर

वरील माहिती उत्तम आहे, मात्र माझा कल थोडा वेगळा आहे. अशा संग्रहालयांची अडचण ही की, पकडलेली वस्तू काचेच्या पेटीत ठेवता येते. पण जकातीची मुख्य कहाणी ज्यांनी निमूटपणे पैसे भरले त्यांची असते आणि त्यांनी मागे ठेवण्यासारखे काहीच ठेवलेले नसते. त्यामुळे जाण्यापूर्वीच्या तासिकांत भर द्यावा तो भरणाऱ्यांवर, आणि त्यासाठी मिठाइतका चांगला धागा दुसरा नाही. कोल्हापूर, घाटवाटा आणि गोवा हे तिन्ही त्यात आपोआप गुंफले जातात.

सुरुवात १६७१ मधील शिवाजी महाराजांच्या पत्रापासून करावी. कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेल्या या पत्राचा आशय असा आहे की, पोर्तुगिजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त मिळत असल्याने व्यापारी तिकडेच वळतील आणि संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडेल. म्हणून बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी की, ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडावे. आज आपण ज्याला संरक्षक आयात शुल्क म्हणतो, त्याचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. महसूल वाढवणे हा येथे हेतूच नाही. उलट जकात इतकी असावी की, तो माल येऊच नये, अशी अपेक्षा आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचलेली व्याख्या येथे साडेतीनशे वर्षे जुन्या कागदावर उभी दिसते आणि ज्या बारदेशचा उल्लेख आहे तो तालुका म्हापशाच्या आसपासचा, म्हणजे आपल्या बसच्या वाटेवरचाच.

दुसरा टप्पा इंग्रजांचा. मिठावरील कर वसूल करण्यासाठी कंपनीने आणि नंतर इंग्रज सरकारने उत्तर व मध्य हिंदुस्थानातून एक अंतर्गत जकातरेषा उभी केली. १८६९-७० च्या सुमारास तिची लांबी सिंधूपासून महानदीच्या परिसरापर्यंत सुमारे २,३०० मैल होती आणि तिच्यावर जवळपास बारा हजार माणसे पहाऱ्यास होती. खानदेशाच्या सीमेजवळचे बऱ्हाणपूर या रेषेवर येत असे. अनेक ठिकाणी ही रेषा म्हणजे बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंग यांचे जिवंत कुंपण होते. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे १८६७ ते १८७० या काळात याच खात्याचे आयुक्त होते आणि कुंपण वाढवण्याकडे त्यांनी विशेष लक्ष पुरवले होते. ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले एकदम सरसावून बसतात, असा माझा अनुभव आहे. १८७९ मध्ये ही रेषा बंद झाली.

ती का बंद करता आली, याचे उत्तर आपल्याला गोव्याकडे घेऊन येते. वेगवेगळ्या प्रांतांतील मिठावरचा कर जवळपास सारखा केला आणि मिठाची उगमस्थानेच ताब्यात घेतली, तर मधल्या कुंपणाची गरज उरत नाही, हे सरकारच्या ध्यानात आले होते. राजपुतान्यातील सांभर सरोवर याच धोरणाने हाती घेतले गेले. पश्चिम किनाऱ्यावर गोव्याचे मीठ ही मोठी पळवाट होती. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात झालेल्या करारान्वये ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यामधील सीमाशुल्क रद्द झाले, गोव्यातील मीठ उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि त्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. मुरगाव बंदर आणि घाटातून जाणारी रेल्वे यांचा पायाही याच कराराने घातला गेला. अंमलात आल्यापासून हा करार बारा वर्षे टिकला. १८९२ मध्ये तो संपला आणि सीमेवर नाके पुन्हा उभे राहिले. रेल्वेवर पोर्तुगिजांची तपासणी कुळे येथे आणि इंग्रजांची कॅसलरॉक येथे होत असे. म्हणजे दूधसागराच्या एका अंगाला एक साम्राज्य आणि दुसऱ्या अंगाला दुसरे, आणि प्रवाशाची ट्रंक दोन्हीकडे उघडली जाई.

कोल्हापूरला बंदर नाही, हे आजचे सत्य आहे, कायमचे नव्हे. मालवण आणि सिंधुदुर्ग हे करवीर राज्याच्या ताब्यात होते. ते १८१२ च्या तहाने इंग्रजांकडे गेले आणि करवीरचा समुद्राशी असलेला संबंध तुटला. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना समुद्रच दाखवायचा असेल, तर मालवणचा समुद्र दाखवून हा तह समजावून सांगता येईल.

याहून जुना पुरावा तर टाउन हॉलच्या संग्रहालयातच आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती रोमन बनावटीची आहे. ती समुद्रमार्गे येऊन एखादा घाट चढून पंचगंगेच्या काठी पोहोचली आणि वाटेत तिच्या मालकाने कोणाकोणाला काय मोजले असेल, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. कौटिलीय अर्थशास्त्रातील शुल्काध्यक्षाचा भाग त्याच तासिकेत वाचता येईल. नगराच्या मोठ्या दरवाजाजवळ शुल्कशाला आणि तिच्यावर ध्वज असावा, व्यापारी कोण, कोठून आला, माल किती आणि त्यावर मुद्रा कोठे उमटवली याची नोंद व्हावी, मुद्रा नसल्यास दुप्पट शुल्क आणि खोटी मुद्रा असल्यास आठपट दंड घ्यावा, असा तो तपशील आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वसाधारणपणे मूल्याचा पाचवा भाग सांगितला आहे. विवाहासाठी किंवा देवकार्यासाठी नेल्या जाणाऱ्या वस्तू मात्र शुल्कमुक्त होत्या. त्यामुळे त्या काळीही मालाच्या गाडीला ‘लग्नाचे सामान’ म्हणून पुढे काढणारे असणारच, असे मला राहून राहून वाटते.

शाहूपुरी_पेढी

आमची गुळाची पेढी असल्याने या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा मोह होत आहे. मॅडम, मुलांना ‘जकात’ म्हटल्यावर गोवा आठवण्याआधी शिरोली नाका आणि फुलेवाडी नाका आठवायला हवेत. आजच्या विद्यार्थ्यांना ही बसथांब्यांची नावे वाटतात. परंतु त्यांच्या आजोबांच्या पिढीला तेथे लाकडी आडकाठी, तिच्यामागे पावती पुस्तक घेऊन बसलेला नाकेदार आणि रांगेत उभे असलेले ट्रक दिसत असत. नगरपालिकेची आणि पुढे महापालिकेची जकात हा शहराच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. रस्ते, दिवे आणि पाणी यांचा खर्च कोठून भागतो, हे व्यापाऱ्याला त्या नाक्यावर रोज दिसत असे, आणि हे मी जकातीच्या बाजूने बोलत नाही. एका पावतीसाठी नाशवंत माल उन्हात तासन्‌तास खोळंबे, मालाची किंमत कमी दाखवल्याचा संशय घेऊन पोती उसवली जात आणि ते टाळण्यासाठी जे व्यवहार होत, ते सर्वांना माहीत असूनही कोणी लिहून ठेवलेले नाहीत. कोल्हापूरकरांनी पुढे टोलविरोधात जे आंदोलन केले, त्याच्या रागात या नाक्यांच्या जुन्या आठवणींचाही वाटा असावा, असे माझे मत आहे.

मराठेशाहीतील पद्धत आमच्या घराण्यात तोंडी चालत आली आहे आणि ती पुस्तकांतही सापडते. माल भरला त्या ठिकाणी थळभरीत, विकला त्या ठिकाणी थळमोड, आणि मधल्या वाटेवर ज्याचा त्याचा नाका. प्रत्येक नाक्यावर थांबणे व्यापाऱ्याला परवडत नसे. म्हणून हुंडेकरी नावाचा मध्यस्थ एकरकमी पैसे घेऊन सगळ्या वाटेवरची जकात भागवून माल पोहोचवण्याची हमी घेई. हल्लीचे क्लिअरिंग एजंट हेच काम करतात. सरकारची माफी असलेल्या मालाबरोबर दस्तक म्हणजे परवाना असे आणि त्या दस्तकाआड दुसऱ्याचा माल काढून देण्याचे प्रकारही होत असत.

माझी सूचना अशी की, सहलीपूर्वी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी किंवा शेजारी कोणी जुना व्यापारी, ट्रकचालक अथवा नाक्यावर नोकरी केलेला माणूस असेल, त्याच्याशी बोलून एक पानभर मजकूर लिहून आणावा. जुन्या जकात पावत्या अजून कित्येक पेढ्यांच्या माळ्यावर पडलेल्या आहेत. पणजीच्या संग्रहालयात भारताची जकात दिसेल, पण कोल्हापूरची जकात कोणी मांडलेली नाही.

कर_सल्ला

वरील चर्चेत एक भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते, कारण विद्यार्थी परीक्षेत नेमके येथेच घोटाळा करतात. सीमाशुल्क, जकात आणि उत्पादन शुल्क ही तीन वेगळी प्रकरणे आहेत. देशाच्या सीमेवरून आत येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या मालावरील सीमाशुल्क हा संघसूचीतील त्र्याऐंशीव्या नोंदीचा विषय असून तो केंद्राकडे आहे. स्थानिक क्षेत्रात प्रवेश करणाऱ्या मालावरील कर हा राज्यसूचीतील बावन्नाव्या नोंदीचा विषय होता. शिरोली नाका त्या नोंदीखाली येत असे आणि २०१६ च्या एकशेएकाव्या घटनादुरुस्तीने ती नोंदच वगळली गेली. मानवी सेवनासाठीच्या मद्यावरील उत्पादन शुल्क मात्र आजही राज्याकडे आहे आणि ते वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, गोव्याहून परतताना इन्सुली किंवा आंबोली येथे जी तपासणी होते, ती सीमाशुल्काची नसून राज्य उत्पादन शुल्क विभागाची असते. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचा अंमल फेब्रुवारी १९६३ पासून सुरू झाला आणि त्या आधीच महाराष्ट्र व गोवा यांच्यामधील सीमाशुल्काची रेषा इतिहासजमा झाली होती. तरीही प्रवाशांच्या पिशव्या उघडल्या जातात, त्या दोन राज्यांतील मद्यावरील शुल्काच्या तफावतीमुळे. गोदीवाले साहेबांनी सांगितलेला दोन भावांमधील फरकाचा नियम येथेही तंतोतंत लागू पडतो. सहलीच्या बसमध्ये चालकासह कोणाकडेही काही असणार नाही, याची खात्री निघण्यापूर्वीच करून घ्यावी.

रंकाळा_वाचक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिठाचा धागा आणि जुन्या पावत्या या दोन्ही कल्पना मी स्वीकारत आहे. टाउन हॉलची भेट सहलीच्या आदल्या आठवड्यात ठेवता येईल. पावत्यांविषयी एक शंका आहे : व्यापाऱ्यांची नावे असलेले कागद वर्गात लावणे योग्य ठरेल काय? तसेच प्रवास एका दिवसात आटोपण्याचा आग्रह व्यवस्थापनाकडून होत आहे. तो व्यवहार्य आहे का, हेही कृपया सांगावे.

शाहूपुरी_पेढी

नावे आणि रकमा झाकून छायाप्रती लावाव्यात, मूळ कागद त्याच दिवशी परत करावेत. आमच्याकडील काही पावत्या मी या अटीवर आनंदाने देईन.

आजरा_आंबोली

एका दिवसाचा आग्रह मोडून काढावा, असे मी स्पष्टपणे सुचवतो. कोल्हापूर ते पणजी हे अंतर आंबोलीमार्गे सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे आणि घाटाचा वेळ धरला तर जाण्या-येण्यातच दिवस संपतो; संग्रहालयात मुलांना जेमतेम तासभर मिळेल आणि मग ती नक्कीच चोरकप्प्यांपुढे धावतील. मुक्कामाची सहल केल्यास वाटच अर्धा अभ्यासक्रम पूर्ण करते.

कागल सोडल्यावर कोगनोळीला बस कर्नाटकात शिरते. १ जुलै २०१७ पूर्वी अशा राज्यसीमांवर विक्रीकराच्या तपासणीसाठी मालवाहू गाड्यांच्या रांगा लागत. वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांनी ते नाके उठवले आणि आता मालाबरोबर ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीची संगणकावर केलेली नोंद, असले की पुरते. करोनाच्या काळात मात्र याच ठिकाणी चाचणीचा अहवाल पाहिल्याशिवाय पुढे सोडत नसत, हे मुलांना स्वतःलाच आठवत असेल. सीमेवर माल तपासायचा की माणूस, हे त्या त्या वेळची भीती ठरवते, आणि हा मुद्दा तेथे बसमध्येच काढावा. निपाणीहून आजऱ्याकडे वळले की पुन्हा महाराष्ट्र लागतो आणि तेथे तर हद्द ओलांडल्याचे कळतही नाही.

आंबोली उतरून बांद्यावरून पुढे गेल्यावर पत्रादेवी येते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला, त्यातील हुतात्म्यांचे स्मारक येथे आहे. त्याच वर्षी भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि रेल्वेची वाहतूकही थांबली. परतीच्या दिवशी थोडी वाट वाकडी करून शिरोड्याला जावे. मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच गाव आणि तेथील मिठागरे पाहिल्यावर मोडी दफ्तरांनी सांगितलेली सगळी कहाणी पायाखाली येते. ज्या कराविरुद्ध हा सत्याग्रह झाला तो १९४७ मध्ये रद्द झाला, हेही तेथेच सांगावे. मिठागरात उतरायचे तर पावसाळा पूर्ण संपल्यावरच सहल ठेवावी; कोरड्या दिवसांतच मीठ धरते.

परदेशातील अशा संग्रहालयांची माहिती वर्गात द्यायची असल्यास हॅम्बुर्गचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथील जर्मन सीमाशुल्क संग्रहालय गोदामांच्या जुन्या वसाहतीतील एका मूळ जकातघरात आहे. हॅम्बुर्ग शहर १८८८ मध्ये जर्मन जकात संघात सामील झाले, तेव्हा बंदराचा एक भाग शुल्कमुक्त ठेवला गेला आणि ती गोदामे त्यासाठीच बांधली गेली. स्वित्झर्लंडमध्ये लुगानो सरोवराच्या काठी, इटलीच्या सीमेलगत गांद्रियाजवळ असलेल्या जुन्या चौकीतही संग्रहालय केले असून तेथे लोक बोटीने जातात. पणजीप्रमाणेच या दोन्ही ठिकाणी जेथे कर घेतला जात होता तीच वास्तू जपली आहे. नवी इमारत बांधून त्यात वस्तू मांडण्यापेक्षा हे केव्हाही सरस.

जुना_गोदीवाला

आजऱ्याच्या मित्रांशी मी सहमत आहे. मॅडम, एवढीच पुरवणी जोडतो की, गट मोठा असल्यास महाविद्यालयाच्या पत्रावर संग्रहालयास आगाऊ कळवावे, साप्ताहिक सुट्टीचा वार टाळावा आणि समजावून सांगणारा अधिकारी उपलब्ध होईल का, याची विचारणा त्याच पत्रात करावी. २६ जानेवारी हा आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क दिवसही असतो, कारण १९५३ साली त्या दिवशी ब्रुसेल्समध्ये सीमाशुल्क सहकार परिषदेचे पहिले सत्र भरले होते. मात्र त्या दिवशी मुले ध्वजवंदनाला हवीत, तेव्हा जानेवारीचा दुसरा आठवडा पाहावा. पत्राचा मसुदा हवा असल्यास मी लिहून देईन.